तळावरच्या मुलांना गोष्टी सांगाव्यात की वाचायला शिकवावं?

तुमचा प्रश्न मी असा समजले. सांगली जिल्ह्यात कारखान्याजवळ ऊसतोड मजुरांच्या तळावर तुम्ही संध्याकाळी वर्ग घेता. मुलं अकरा ते पंधरा वयाची, बहुतेक बीड-जालन्याकडची. हजेरीपटावर कोणी पाचवीत, कोणी आठवीत, पण निम्म्यांना एक ओळ सलग वाचता येत नाही. तुम्ही गोष्टी सांगता, मुलं रंगून ऐकतात. तुमचा सहकारी म्हणतो की हा टाइमपास आहे, गरिबाच्या पोराला गोष्टीबिष्टी कशाला, त्यापेक्षा यांना फॉर्म भरायला शिकवा, मोबाइलवरची चार कामं शिकवा. एका बापानंही विचारलं, "गोष्टीनं पोट भरतं का?" पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की सगळे गावी जाणार. मग एवढ्या थोड्या दिवसांत गोष्टींवर वेळ घालवावा का?

मी बरीच वर्षं अशा तळांवर वर्ग घेतले आहेत, त्यामुळे आधी सरळ उत्तर देते. गोष्टी जरूर सांगा, पण ऐकून ऐकून मुलं आपोआप वाचायला लागतील या भरवशावर राहू नका. फिलिप गफ आणि विल्यम टनमर या दोघांनी १९८६ साली एक साधी मांडणी केली होती: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले ऐकलेलं समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असली की उत्तर शून्यच. तुमच्या मुलांची ऐकून समजण्याची बाजू गोष्टींनी चांगली तयार होतेय, अक्षरांची बाजू तशीच पडून आहे. सहकाऱ्याच्या बेतात तर दोन्ही बाजूंना हात लागत नाही. फॉर्म भरायचा तर आधी तो वाचता यायला हवा. नाहीतर मुलगा "इथं नाव, इथं सही" एवढं पाठ करतो आणि फॉर्मचा नमुना बदलला की अडतो.

हा प्रकार फक्त तळावरचा आहे असंही समजू नका. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची 'असर' नावाची पाहणी होते. तिच्या २०२३ च्या फेरीत १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींपैकी जवळपास २५ टक्क्यांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता आला नाही. हे आकडे मी आईबापांना कधी सांगत नाही, पण कार्यकर्त्यांना आवर्जून सांगते. नाहीतर चौदा वर्षांचा मुलगा अडखळला की "एवढंही येत नाही?" हे शब्द आपल्या तोंडून नकळत निघतात. त्या पोरानं ते वाक्य शाळेत भरपूर ऐकलेलं असतं. म्हणूनच तो मागे बसतो, दुसऱ्याच्या वहीतून उतरवतो आणि अक्षर इतकं सुबक काढतो की गुरुजींना शंकाही येत नाही.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. तळावर कोणती मुलं येतात हे आधी बघा. ज्यांच्या घरी आजी-आजोबा धडधाकट आहेत, किंवा ज्यांना गावात हंगामी वसतिगृहाची सोय मिळते, ती बरीचशी मुलं मागे राहतात. ज्यांच्याकडे बघणारं कोणी नाही ती कोपीत, म्हणजे तळावरच्या पाचटाच्या झोपडीत, येतात. म्हणजे तळावर म्हातारी माणसं मुळातच कमी. आईबाप पहाटे अंधारात फडात जातात, संध्याकाळी परत येतात, आणि गाडी उशिरा लागली तर रात्रीही भरायला जावं लागतं. गोष्ट सांगायला जागं कोण राहणार? उरतो मोबाइल, तोही चार्ज असला तर. त्यामुळे तुमच्या गोष्टींना मुलं जी चिकटतात त्यात तुमच्या कौशल्याचा भाग असेलच, पण भूकही मोठी आहे.

दुसरं म्हणजे वय. आठ वर्षांच्या पोराला कोपीपाशी बसवता येतं. तेरा वर्षांचा मुलगा फडात मोळ्या बांधतो, वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करतो. त्याच वयाची मुलगी पाणी भरते, भाकरी थापते, धाकटं भावंड कडेवर घेऊन फिरते. टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पोरांची लग्नं लवकर उरकण्यामागे हा हिशोबही असतो. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं असं २०१९-२१ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते, आणि बीडमध्ये हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर आहे. म्हणून वर्गाची वेळ तुमच्या सोयीनं ठरवू नका. मुली भाकरी करताना येऊ शकत नसतील तर तुम्ही चुलीपाशी जाऊन बसा. मांडीवर भावंड असेल तर असू द्या. ते रडलं की गोष्ट थांबते, पुन्हा सुरू होते, त्यानं काही बिघडत नाही.

तुमच्या वर्णनात मला एक गोष्ट खटकली. तुम्ही सांगता आणि मुलं ऐकतात, रोज. भाषेची सगळी मेहनत तुमचीच होतेय. अकरा ते पंधरा वयाच्या, फिरतीवर असणाऱ्या मुलांसाठी मला सगळ्यात उपयोगी पडलेलं पुस्तक म्हणजे त्यांनीच सांगितलेला आणि आपण लिहून घेतलेला मजकूर. छापील पहिलीचं पुस्तक समोर ठेवलं तर चौदा वर्षांच्या मुलाला मान खाली घालावीशी वाटते. स्वतःची हकिकत लिहिलेला कागद मात्र तो चार जणांना दाखवतो.

कसं करायचं ते एका उदाहरणानं सांगते. मुलांना विचारा, गावाहून निघालात त्या रात्री काय झालं? सगळी एकदम बोलतील. एकीला पुढे करा, बाकीच्यांना भर घालू द्या. ती बोलेल तसं मोठ्या कागदावर, सगळ्यांना दिसेल असं, तिच्याच शब्दांत लिहा. एका मुलीचा मजकूर असा होता:

"आम्ही राती निंघालो. टरकात लई माणसं व्हती. शेळी बी व्हती. शेळी माझ्या अंगावर मुतली."

चार वाक्यं पुरेत. आधी तुम्ही बोट ठेवत वाचा, मग सगळ्यांनी, मग तिनं एकटीनं. शेवटच्या वाक्याला हशा पिकतो, त्यामुळे ते दहादा वाचायला सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी तीच वाक्यं पट्ट्यांवर लिहा, पट्ट्या विस्कटा आणि क्रमानं लावायला द्या. मग पट्ट्या कापून सुटे शब्द करा. आता 'शेळी' हा शब्द बाजूला काढा. त्यातलं 'ळी' हातात घ्या आणि तळावर कुठे कुठे सापडतं ते विचारा. मोळी, टोळी, पोळी, होळी, गोळी. सगळ्यांत 'ओ'ची मात्रा तीच, 'ळी' तेच, फक्त पहिलं अक्षर बदलतं. मो, टो, पो, हो, गो. एका बैठकीत पाच अक्षरं, एक मात्रा आणि एक दीर्घ वेलांटी झाली, आणि एकही शब्द परका नव्हता. शाळेत हीच मुलं बाराखडी सुरात म्हणतात, पण मधलंच 'को' दाखवलं की 'क'पासून सुरुवात करून बोटं मोजत पोचतात. जोडाक्षरांची घाई करू नका, ती मजकुरातून आपसूक येतात. वरच्या मजकुरातच 'व्हती' आणि 'आम्ही' आहेत की.

इथे एक सापळा आहे. स्वतःचा मजकूर असल्यामुळे मुलं तो लगेच पाठ करतात आणि कागदाकडे न बघता धडाधड म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं, वाचायला लागलं की पोरगं! म्हणून रोज मधलाच शब्द दाखवा, उलट्या क्रमानं विचारा. आणि मुलांनी न सांगितलेलं एखादं नवं वाक्य त्याच अक्षरांतून बनवून पुढे ठेवा: "शेळी पोळी मागते." हे वाचलं तर खरं वाचलं.

भाषेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण अडचण येणारच आहे. 'व्हती' लिहायचं की 'होती'? मी आधी मूल बोलतं तसंच लिहिते. या बाबतीत माझे काही शिक्षक मित्र माझ्याशी भांडतात, आणि त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, कारण परीक्षेत 'व्हती' चालत नाही. पण पहिल्या आठवड्यात मुलाला बोललेलं आणि लिहिलेलं एकच आहे हे दिसायला हवं, त्यावरच वाचनाची गाडी पुढे सरकते. दोनेक आठवड्यांनी त्याच कागदाच्या मागे पुस्तकातल्या भाषेत तोच मजकूर लिहा आणि फरक मुलांना शोधू द्या. त्यांना हा खेळ वाटतो. तळावर बंजारा टोळ्या असतील तर मात्र वेगळा विचार करा. ती मुलं घरी गोरमाटी बोलतात, मराठी त्यांची दुसरी भाषा. त्यांना गोष्ट आधी त्यांच्या बोलीत आपसात सांगू द्या, मग एखाद्या मोठ्या मुलीला मराठीत सांगायला लावा. तुम्हाला गोरमाटी येत नाही हे इथे उलट कामाचं ठरतं, कारण मुलांना तुम्हाला खरोखर समजावून सांगावं लागतं.

गट पाडताना इयत्ता विसरा. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला बाजूला घेऊन, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं, वाचायला द्या: अक्षरं, सुटे शब्द, चार ओळींचा परिच्छेद, छोटी गोष्ट. 'असर'च्या पाहणीत याच पायऱ्या वापरतात आणि त्या पुरेशा आहेत. जो जिथे अडतो तिथून त्याला सुरू करा. आठवीतला मुलगा आणि तिसरीतली त्याची बहीण एकाच गटात आले तर त्याला तिचा मदतनीस म्हणा, त्याची लाज राहते आणि दोघांचाही सराव होतो.

मग तुम्ही गोष्टी सांगायच्याच नाहीत का? सांगा, रोज एक, पण शेवटी ठेवा. आणि आठवड्यातून दोन-तीनदा तोंडी सांगण्याऐवजी हातात कागद धरून वाचून दाखवा. बोलण्यातली मराठी आणि छापलेली मराठी यांत वाक्यरचनेचा फरक असतो आणि तो कानावर पडल्याशिवाय पुढे पुस्तक झेपत नाही. या वयाला ससा-कासव चालत नाही. चकव्याच्या गोष्टी सुरू करा. रात्री फडात वाट चुकलेला माणूस पहाटेपर्यंत एकाच बांधाभोवती फिरत राहतो, असली हकिकत प्रत्येक टोळीत एक तरी असते, आणि तुम्ही एक सांगितली की पाच बाहेर येतात. त्यातली एक दुसऱ्या दिवशीचा मजकूर. छापील साहित्य हवं असेल तर बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, त्या छापून घ्यायलाही परवानगी आहे. 'किशोर'चे लेख पोरांना सुरुवातीला जड जातील, ते तुम्ही वाचून दाखवा. 'स्टोरीवीव्हर'च्या खालच्या पातळ्या त्यांच्या हातात द्या.

मुलं सांगायला लागली की एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. त्यांची हकिकत "मंग, मंग, मंग" करत पुढे जाते. मंग टायर फुटला, मंग आम्ही उतरलो, मंग बाप ओरडला. तिथे तुम्ही फक्त "का ओरडला?" एवढंच विचारा. मूल थांबतं, विचार करतं आणि म्हणतं, "मुकादम खाडा धरील म्हणून." कारण जोडायला लागली की मुलं पुस्तकातले परिच्छेदही वेगळ्या तऱ्हेनं वाचतात. घडलेलं क्रमानं, कारणासकट, समोरच्याला पटेल असं सांगता येणं हे पुढे दवाखान्यात, शाळेत दाखला मागताना आणि पोलिस चौकीवर लागतं. तुमच्या सहकाऱ्याला 'कामाचं' शिकवायचं आहे ना? मग याहून कामाचं फारसं काही नाही.

बापाच्या प्रश्नाला तोंडी उत्तर देत बसू नका. मुलाला थोडं वाचता यायला लागलं की बापाकडून कारखान्याच्या वजनकाट्याची पावती मागून घ्या आणि पोराला त्याच्यासमोर वाचू द्या: गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन. वजाबाकी करून बघायला सांगा. दुसऱ्या दिवसापासून बाप स्वतः पोराला वर्गाला हाकलतो. फक्त एक सांभाळा. पावती वाचण्यापर्यंत ठीक आहे, पण उचलीच्या हिशोबात मुकादमासमोर मुलाला उभं करू नका. तो झगडा मोठ्यांचा आणि संघटनेचा आहे. मुकादमाच्या वहीत बारा वर्षांच्या पोरानं चूक काढली तर भोगतं त्याचं घर, आणि तळावरचा वर्गही बंद पडतो.

सहकाऱ्याचा दुसरा मुद्दा, की गरिबाच्या पोराला गोष्टीबिष्टी कशाला, हा बराच जुना आहे. त्याला १८५५ सालची मुक्ता साळवे दाखवा. फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो त्या वर्षी 'ज्ञानोदय' या नियतकालिकात दोन भागांत छापून आला. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसतं, हे तिनं त्यात लिहिलं आहे. थोडं वाचता-लिहिता आल्यावर तिनं अर्ज-विनंत्या नाही लिहिल्या, आपल्या माणसांवर काय बेततं ते लिहिलं. तळावर पाचटाच्या कोपीत बाळंत झालेली बाई तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलीची आईच असेल. ती मुलगी उद्या काय लिहील हे आपण आधीच ठरवून टाकणारे कोण?

पण आईबापांना मोठी आश्वासनं देऊ नका. वाचायला आलं म्हणून उचल फिटत नाही. पाऊस पडला नाही तर वाचता येणारं कुटुंबही ट्रकात बसतं. वाचनामुळे मूल शाळेत टिकण्याची शक्यता वाढते, फसवणूक थोडी अवघड होते, मुलीला दोन वर्षं अधिक मिळू शकतात. मी एवढंच सांगते आणि लोकांना ते पटतं, कारण त्यांना बाकीचं ठाऊक असतं.

एक जबाबदारी मात्र ओघानं येते. मुलांना सांगायला लावलं की सगळं हसण्यासारखंच निघेल असं नाही. ट्रॅक्टरखाली सापडलेला भाऊ, दारू, मारहाण, फडात कोणी केलेली लगट. खोदून विचारू नका, आणि मूल आपणहून बोललं तर सगळ्यांसमोर ते फळ्यावर घेऊ नका. नंतर बाजूला बसून ऐका. असा मजकूर कुठल्या अहवालात किंवा मोबाइलवर फोटोसकट जाता कामा नये, देणगीदारांना आवडला तरी. धोका चालू असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. "पट्टा पडला की माझं लगीन हाये" असं एखादी मुलगी सहज सांगून जाईल, तेव्हाही हाच नंबर. शिवाय तिच्या गावचा ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला आधीच कळवा.

शाळेचं कामही याच दिवसांत उरकून घ्या. तुमचा वर्ग शाळेची जागा घेऊ शकत नाही. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत मुलांचा प्रवेश करा. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता किंवा लांबवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात हे स्पष्ट आहे. वयानुसार वर्गात घ्यावं लागतं, आणि असं उशिरा दाखल झालेलं मूल चौदाच्या पुढे गेलं तरी आठवी होईपर्यंत फुकट शिकू शकतं. हे बऱ्याच मुख्याध्यापकांनाही सांगावं लागतं, तेव्हा दाखवायला कायद्याची प्रत जवळ ठेवा. गावाकडच्या शाळेकडून स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठीचं शिक्षण हमी कार्ड आणलं असेल तर काम सोपं होतं. नसेल तर परत जाताना इथल्या शाळेकडून हजेरीची नोंद लेखी घ्या. पंधरा-सोळाच्या ज्या मुलांनी शाळा सोडलीच आहे त्यांच्याशी १७ नंबरच्या फॉर्मबद्दल बोला. बाहेरून दहावी करता येते हे कित्येकांना माहीतच नसतं.

म्हणजे तुमच्या तासाभराच्या वर्गाचा बेत साधारण असा होईल: पहिली दहा मिनिटं कालचा मजकूर, मग मुलांची नवी हकिकत आणि तिचं लेखन, मग अक्षर-मात्रांचं काम पातळीनुसार, आणि शेवटी तुमची गोष्ट. सगळ्यांत जास्त वेळ तिसऱ्या भागाला, कारण कंटाळा येतो म्हणून नेमका तोच आपण टाळतो. प्रत्येक मुलाचे मजकूर एका वहीत उतरवत जा. जाताना ती वही त्याच्याजवळ द्या आणि पहिल्या पानावर गावच्या गुरुजींसाठी दोन ओळी लिहा: हा काय वाचू शकतो, कुठे अडतो. सगळेच गुरुजी बघतील असं नाही. बघतात त्यांना पुढे कुठून सुरू करायचं ते कळतं.

तुमच्याकडे पट्टा पडायला किती आठवडे उरलेत आणि गटात गोरमाटी बोलणारी मुलं किती, हे कळवा. सहा आठवड्यांहून कमी असतील तर जोडाक्षरं पूर्ण सोडून फक्त काना-मात्रा-वेलांटीवर जोर द्या. त्यासाठी मी वापरत असलेली शब्दांची यादी टाकीन.